परभाषेची निवड



आजच्या व्याख्यानाचा विषय पाहून आपल्यापैकी काहींना थोडे नवल वाटले असेल. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या हिशेबात ज्यांचे वर्ष जाते, अशा माणसांपुढे परदेशी भाषा कोणती शिकावी यावर कोणी तासभर काय बोलणार? पण परभाषा आपल्यापासून फार दूर आहे, ही समजूत आधी बाजूला ठेवू. आपल्या गावाला 'जऊळका रेल्वे' म्हणतात. म्हणजे गावाच्या नावातच एक शब्द इंग्रजी आहे. आपण शेतात सोयाबीन पेरतो. त्यातला 'सोया' हा जपानी 'शोयू' या शब्दापासून निघाला, डच व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात पोचला, आणि इंग्रजी 'बीन' मागे जोडून घेऊन आपल्या शिवारात आला. त्या सोयाबीनचा बाजार समितीत जो लिलाव होतो, तो शब्द पोर्तुगीज. नोकरदाराचा पगार पोर्तुगीज, कुलपाची चावी पोर्तुगीज. आणि ज्या जमिनीसाठी आपण कचेरीचे उंबरठे झिजवतो, ती 'जमीन' फारसी. तिचा 'वारस' आणि तिच्या कागदाची 'नक्कल' हे दोघे अरबस्तानातून फारसीच्या वाटेने आलेले. तेव्हा परभाषा आपल्या घरात केव्हाच येऊन बसली आहे. आता आपण तिच्या घरी जावयाचे की नाही, आणि जावयाचे तर कोणाच्या घरी, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न आज केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजकाम करणारे, वाहनचालक, हॉटेलात काम करणारे अशा लोकांचा त्यात विचार होता, आणि त्यांना आधी जर्मन शिकवावे लागणार हे उघड होते. जपानने २०१९ पासून विशिष्ट कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठी आपले दार उघडले, आणि २०२१ साली त्याविषयी भारताशी करारही केला. तेथेही भाषेची परीक्षा आहेच. तेव्हापासून आपल्याकडच्या घराघरांत एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला: पोराला जर्मन लावावी की जपानी? पोरीने नर्सिंग केले आहे, तर तिने कोणती भाषा घ्यावी?

या प्रश्नात घरचा पैसा गुंतला आहे. आणि पैशापेक्षा मोलाची अशी मुलामुलींची विशीतली दोन-तीन वर्षे गुंतली आहेत. एक एकर जमीन घ्यावयाची तर आपण विहीर पाहतो, बांध पाहतो, सात-बारा पाहतो, चार जणांना विचारतो. भाषा मात्र शेजाऱ्याच्या मुलाने घेतली म्हणून घेतो, किंवा भिंतीवरची जाहिरात पाहून घेतो. म्हणून या विषयाची चार माणसांत चर्चा व्हावी असे मला वाटले.

भाषा निवडताना लोक बहुधा दोन गोष्टी विचारतात. सोपी कोणती? आणि पैसा कोणतीत जास्त? हे दोन्ही प्रश्न वाईट नाहीत. पण ते पहिले प्रश्न नव्हेत. पहिला प्रश्न असा की, ही भाषा शिकून मी कोणाशी बोलणार आहे, आणि कोणत्या कामासाठी? भाषा निवडणे म्हणजे माणसे निवडणे आणि काम निवडणे होय. ज्याने ही निवड केली त्याला भाषा आपोआप सापडते. ज्याने केली नाही त्याला सोपी भाषासुद्धा अवघड जाते. माझ्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. ते मी आपल्याच काही माणसांच्या उदाहरणांनी मांडतो.

पहिले उदाहरण आपल्या विदर्भातले. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे वर्ध्याचे. क्रांतिकार्यासाठी त्यांनी तरुणपणी देश सोडला. जपान, अमेरिका, इराण अशी त्यांची भ्रमंती झाली. अमेरिकेत त्यांनी शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. इंग्रज सरकारमुळे मायदेशाचे दार बंद होते. तेव्हा ते मेक्सिकोत स्थिरावले आणि चापिंगो येथील शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. तेथली भाषा स्पॅनिश. ती त्यांनी सोपी म्हणून निवडली नाही, की तिला मोठा पगार आहे म्हणून निवडली नाही. मक्याचे चांगले वाण काढावयाचे, आणि ते तिथल्या गरीब शेतकऱ्याच्या हाती द्यावयाचे, हे काम त्यांनी पत्करले. आणि तो शेतकरी स्पॅनिश समजणारा होता. त्यांनी त्या भाषेत शिकवले, त्या भाषेत मक्यावर लिहिले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा चालविल्या. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वाटणाऱ्या माणसाचे चित्र काढले, त्यात खानखोज्यांचा चेहरा आहे. स्वातंत्र्यानंतर ते परत आले आणि १९६७ साली नागपुरात वारले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. वर्ध्याच्या एका माणसाला परमुलखातल्या शेतकऱ्यांनी आपला मानले, ते त्याच्या भाषेतल्या व्याकरणशुद्धतेमुळे नव्हे. त्या भाषेत त्याने त्यांच्या पोटाची गोष्ट काढली, म्हणून.

दुसरे उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे. १९३८ साली चीनच्या मदतीसाठी पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. चिनी ही जगातल्या अवघड भाषांपैकी एक समजली जाते. स्वर जरा वर-खाली झाला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि लिपीत वर्णमाला नाही, हजारो चिन्हे आहेत. पण समोर जखमी सैनिक पडला आहे, आणि तो आपल्याला कुठे दुखते हे सांगतो आहे, अशा वेळी भाषा अवघड आहे ही तक्रार कोणाकडे करावयाची? कोटणीस चिनी बोलावयास शिकले, लिहावयास शिकले, आणि पुढे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले. तेथल्याच एका परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव 'यिनहुआ' ठेवण्यात आले. त्याचा अर्थच मुळी भारत आणि चीन असा आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. चार वर्षांत एक अवघड भाषा माणसाची कशी होते, हे पाहावयाचे असेल तर कोटणीसांकडे पाहावे.

आपण म्हणाल, ही माणसे परदेशी गेली. आम्हांला गाव सोडावयाचे नाही. मग आम्ही परभाषा कशाला शिकावी? त्यावर तिसरे उदाहरण देतो. पंडिता रमाबाईंना संस्कृत, मराठी, कन्नड, बंगाली, इंग्रजी अशा कितीतरी भाषा येत होत्या. तरी उतारवयात पुणे जिल्ह्यातल्या केडगावी बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला. त्यांना बायबलाचे भाषांतर मुळावरून करावयाचे होते, आणि तेही साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्या हे काम करीत होत्या. त्यांचा धर्म कोणाला पटो वा न पटो. त्यांच्या भाषेच्या निवडीत एक मोठी गोष्ट आहे. परभाषा केवळ बाहेर जाण्यासाठी नसते. बाहेरचे काही घरी आणण्यासाठीही असते.

लोकमान्यांचे उदाहरण याच जातीचे. मंडालेच्या तुरुंगात, १९०८ ते १९१४ या काळात, त्यांनी पुस्तकांच्या आधाराने जर्मन आणि फ्रेंच यांचा अभ्यास केला. तुरुंगात जर्मन बोलणार कोणाशी? त्यांना बोलावयाचे नव्हतेच; त्या भाषांतल्या पंडितांनी काय लिहिले आहे ते वाचावयाचे होते. ज्याला केवळ वाचावयाचे आहे त्याने तेवढेच शिकावे; त्यात कमीपणा नाही. पण परिचारिका होऊन जावयाचे असेल तर वाचन पुरणार नाही. रात्री दोन वाजता म्हातारा रोगी पुटपुटतो, ते कानांना कळले पाहिजे. काम ठरले म्हणजे भाषा किती आणि कशी शिकावयाची हेही ठरते.

आता वेळेचा हिशेब करू, कारण जाहिराती नेमके हेच सांगत नाहीत. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकविते. त्यांचा अनुभव असा की, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती स्पॅनिश किंवा फ्रेंच येण्यास वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, जर्मनला ९०० च्या आसपास, रशियनला ११००, आणि चिनी, जपानी, कोरियन, अरबी यांना सुमारे २२००. रोज एक तास धरला, एकही दिवस चुकविला नाही, तर जर्मनला अडीच वर्षे आणि जपानीला सहा वर्षे होतात. हे आकडे इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत, आपले नव्हेत. पण तीन महिन्यांत भाषा येत नाही, एवढे त्यांवरून निश्चित समजते.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. युरोपातल्या भाषांच्या परीक्षांना सहा पायऱ्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. पहिली पायरी चढलेल्या माणसाला आपले नाव-गाव सांगता येते, दुकानात पाव मागता येतो. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळावयाची तर साधारणपणे चौथी पायरी, म्हणजे बी-२, लागते. पहिल्या पायरीचे प्रशस्तिपत्र भिंतीवर लावून चौथ्या पायरीच्या नोकरीची वाट पाहणे, म्हणजे पेरणी करून दुसऱ्याच दिवशी विळा घेऊन शेतात जाणे होय. शिकवणीची फी भरण्यापूर्वी आई-बापांनी एवढेच विचारावे: तुम्ही कोणत्या पायरीपर्यंत नेता, किती तासांत नेता, आणि परीक्षा कोण घेते? उत्तर देताना जो अडखळेल, त्याच्या दारात पुन्हा जाऊ नये.

आता सोपे-अवघड याकडे वळू. कोणती भाषा सोपी हे इंग्रजाने सांगावे आणि आपण मान डोलवावी, असे का? आपण मराठी माणसे आहोत; आपली मराठी आपल्याला कुठे हात देते ते पाहावे. जपानीचे एक वाक्य घ्या: 'वाताशि वा गोहान ओ ताबेमास.' वाताशि म्हणजे मी, गोहान म्हणजे भात, ताबेमास म्हणजे खातो. मी भात खातो! इंग्रज 'मी खातो भात' म्हणतो. जपानी माणूस आपल्यासारखे क्रियापद शेवटी ठेवतो. आपण 'घरात' म्हणताना प्रत्यय मागे लावतो, तसाच तोही मागे लावतो. आपण उन्हाळ्यात 'उकडतंय ना' म्हणतो. तो 'आत्सुइ देस् ने' म्हणतो, आणि त्या 'ने' मध्ये आपल्या 'ना' चाच जीव आहे. त्यांची अक्षरे आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा क्रमाने जातात. बौद्ध धर्माबरोबर पूर्वेकडे गेलेल्या संस्कृत वर्णविचाराची ती छाया आहे. आपले वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथल्या हरिषेण राजाच्या काळात त्याच्या मंत्र्याने अजिंठ्याला बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरविले. तेव्हा या वाटेचे एक टोक आपल्या अंगणाजवळून गेले आहे म्हणावयास हरकत नाही. मात्र जपानीची लिपी तोंडचे पाणी पळविते. ४६ अक्षरांच्या दोन मालिका, आणि त्यांवर नित्य वापराची २१३६ चित्राक्षरे. वाक्य आपले, पण लिपी परकी; हे दोन्ही समजून मग ठरवावे.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज घाबरतो. आपल्याकडे पंखा पुल्लिंगी, खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी आहे, हे आपण कोणत्या पुस्तकातून शिकलो? जर्मनमध्ये मुलीला जो रूढ शब्द आहे तो नपुंसकलिंगी आहे, याचे परक्यांना हसू येते. पण 'लेकरू' आणि 'पोरगं' म्हणणाऱ्या वऱ्हाडी माणसाला त्यात हसण्यासारखे काय आहे? चाक, चोर, चूल यांतला जो 'च', तोच जर्मन 'त्सेन' मध्ये, म्हणजे 'दहा' मध्ये आहे. आणखी एक गंमत. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये सगळेच लोक घरी पुस्तकी जर्मन बोलत नाहीत. त्या राज्याच्या मोठ्या भागात श्वेबिश नावाची बोली चालते. पुस्तकातली भाषा एक आणि ओट्यावरची दुसरी, हा अनुभव वऱ्हाडला नवा आहे का? आपला मुलगा शाळेत 'मला दे' आणि घरी 'मले दे' म्हणतो, आणि त्याचे कुठे अडत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर याहून मोठे भांडवल आहे. पोहरादेवी ज्यांची काशी, त्या बंजारा समाजातले मूल घरी गोरमाटी बोलते, गावात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी, आणि परीक्षेत इंग्रजी लिहिते. पाच भाषांत वावरणाऱ्या या मुलाला आपण भाषेत कच्चा म्हणतो! ज्या घरांत उर्दू आहे, त्या घरांतल्या मुलांच्या हाती फारसी-अरबीच्या लिपीची किल्ली आधीच आहे. आखाती देशांत काम करावयाचे असेल तर त्यांनी अरबीचा विचार का करू नये? प्रत्येकाने आपल्या घरची पुंजी मोजून मग भाषा निवडावी.

येथे कोणी रास्त शंका घेईल. दहा वर्षे इंग्रजी शिकूनही मुलांना धड चार वाक्ये बोलता येत नाहीत; त्यात आणखी एक परभाषा कशाला? शंका खरी आहे, पण ती इंग्रजीविरुद्ध नाही आणि मुलांविरुद्धही नाही. ती आपल्या पद्धतीविरुद्ध आहे. आपण इंग्रजी परीक्षेशी बोलण्यासाठी शिकलो, माणसाशी बोलण्यासाठी नव्हे. परीक्षा संपली, बोलणे संपले. जर्मन किंवा जपानी याच रीतीने शिकाल तर तिचीही तीच गत होईल. उलट, एखादी भाषा जर माणसांसाठी आणि कामासाठी शिकलात, तर कशी शिकावयाची ही युक्ती हाती येते, आणि मग इंग्रजीचेही भय जाते.

पण गावात त्या भाषेचा माणूस कोठून आणावयाचा? ही लहान गावाची खरी अडचण आहे. पुण्यामुंबईला शिक्षक आहेत, वर्ग आहेत, त्या त्या देशांच्या संस्था आहेत. आता शिक्षक फोनच्या पडद्यावर जऊळक्यातही येतो, हे खरे. तो शिकवितो, पण आपल्याबरोबर ओट्यावर बसत नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. एका गावात पाच मुलांनी पाच भाषा घेऊ नयेत. पाच जणांनी मिळून एक भाषा घ्यावी. रोज संध्याकाळी एक तास एकत्र बसावे आणि त्या तासात मराठी शब्द काढू नये. चुका होतील, हसू होईल, होऊ द्यावे. कोणी गळला तर उरलेल्यांनी त्याच्या घरी जावे. भजनी मंडळ जसे चालते, तसे हे चालले पाहिजे. एकट्याने म्हटलेला अभंग आणि टाळकऱ्यांनी उचललेला अभंग यांतला फरक मी आपल्याला सांगावा असे नाही. ज्या भाषेला गावात सोबती मिळेल, ती भाषा शंभर जाहिरातींपेक्षा बरी.

आणि मुलींविषयी एक शब्द. परिचारिकेचे काम शिकलेल्या मुली आपल्या भागात आहेत. परभाषेची खरी गरज आज त्यांना आहे. मुलाच्या शिकवणीला पैसे निघतात, मुलीच्या वेळी 'पुढे लग्नच तर आहे' असे म्हणून हात आखडतो. हे करू नका. रमाबाईंनी एकटीने दोन प्राचीन भाषा पचविल्या. आपल्या लेकीला एक अर्वाचीन भाषा सहज पचेल.

तात्पर्य काय, तर फी भरण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार उत्तरे लिहा. मला या भाषेत कोणाशी बोलावयाचे आहे? कोणते काम करावयाचे आहे, किंवा काय घरी आणावयाचे आहे? रोजचा एक तास मी किती वर्षे देणार? आणि माझ्याबरोबर दुसरा कोण शिकणार? चारही उत्तरे लिहिता आली तर भाषा कोणतीही असो, ती आपली झालीच म्हणून समजा. एखादे उत्तर कोरे राहिले तर ते मिळेपर्यंत थांबा. थांबण्यात लाज नाही, आणि घरचा पैसाही वाचतो.